सुशिक्षण आणि पाखंड : ख्रिस्ती धर्मातील एका जुन्या पारखीची गोष्ट

'पाखंड' हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात मात्र 'पासंड' म्हणजे नुसता पंथ. सर्व पासंडांचा आदर करावा, स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा कारणाशिवाय करू नये, असे राजा तेथे सांगतो. ग्रीक भाषेतल्या 'हायरेसिस' या शब्दाची कहाणी अगदी अशीच आहे. त्याचा मूळ अर्थ निवड, आणि त्यावरून एखादे मत निवडलेल्या लोकांचा गट. नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सदूकी आणि परूशी यांना हाच शब्द लावला आहे, आणि त्यात शिवीचा वास नाही. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच शब्दाचा अर्थ 'खोटी शिकवण' असा झाला. दोन भाषांत, दोन धर्मपरंपरांत, एकाच अर्थाच्या शब्दाची एकाच दिशेने घसरण व्हावी, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

खोट्या शिकवणीच्या उलट जी खरी, तिला मराठी बायबलात 'सुशिक्षण' म्हटले आहे. तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत तो शब्द पुनःपुन्हा येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'निरोगी शिकवण' असा आहे. इंग्रजीतला 'हायजीन' त्याच कुळातला. म्हणजे मूळ कल्पना वैद्यकातली आहे. शिकवण माणसाला बरे करते की आजारी पाडते, असा तो प्रश्न होता. पुढच्या इतिहासात हे कुळ बरेचसे विसरले गेले.

शिकवण निरोगी की रोगट, हे ओळखायचे कसे? पहिल्या पिढ्यांतल्या मंडळींपुढे हा प्रश्न अगदी व्यवहारातला होता. गावोगाव फिरते उपदेशक येत, 'माझ्यात आत्मा बोलतो' म्हणत, आणि गरीब मंडळी त्यांना जेवूखाऊ घालत. त्या काळातली एक छोटी पोथी आहे, 'डिडाखे', म्हणजे 'शिकवण'. ती पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची मानतात. शतकानुशतके ती हरवलेलीच होती. १०५६ साली लिहिलेली तिची प्रत कॉन्स्टँटिनोपलमध्ये १८७३ साली एका ग्रीक धर्माधिकाऱ्याच्या हाती लागली आणि १८८३ साली छापली गेली. तिच्यात फिरत्या उपदेशकाची जी परीक्षा सांगितली आहे, ती वाचून कोणत्याही मराठी माणसाला तुकोबांची आठवण व्हावी. पाहुणा आला तर स्वागत करा. एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही हलला नाही, तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या आवेशात 'पान वाढा' म्हणाला आणि स्वतःच जेवायला बसला, तरी खोटा. कायमचा राहायचे म्हणत असेल तर हाताला काम असावे. अशा ऐतखाऊंसाठी पोथीने एक खास शब्द घडवला आहे. मराठीत त्याला 'ख्रिस्ताचा धंदा करणारा' म्हणता येईल. या परीक्षेत तत्त्वज्ञान जवळजवळ नाहीच. ती गावच्या शहाणपणाची परीक्षा आहे, आणि माझ्या मते आजवर सर्वांत कमी चुकलेली तीच आहे.

पण माणूस प्रामाणिक, निर्लोभी, आणि तरीही शिकवण वाकडी, असे असेल तर? योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची पारख करण्यास सांगितले आहे, आणि कसोटी दिली आहे ती अशी : येशू ख्रिस्त देहाने आला हे तो कबूल करतो की नाही. बाहेरच्या वाचकाला ही कसोटी विचित्र वाटेल. देहाने आला नाही तर कसा आला? पण तेव्हा एक मत असे होते की देह ही हलकी, मलिन वस्तू. देवाचा पुत्र खरोखर भुकेला, थकला, मेला असणे शक्य नाही. लोकांना तसा नुसता भास झाला. पत्रकर्त्याला यातला धोका दिसला. देह भास असेल तर दुःखही भास, आणि शेजाऱ्याची भूकही भासच. त्याच पत्रात, भावाची गरज डोळ्यांनी पाहून हात आखडता घेणाऱ्यावर कडक शब्द आहेत. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत हे बरेच टीकाकार नोंदवतात, पण त्यांचा धागा जुळवून दाखवत नाहीत.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, इ.स. १८०च्या सुमारास, लियॉनचा बिशप इरेनियस याने पाखंडांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातला एक दृष्टान्त फार मार्मिक आहे. कुशल कारागिराने रत्नांचे तुकडे जडवून राजाचे चित्र केले. दुसऱ्याने ते मोडले, तेच तुकडे घेऊन कोल्ह्याचे चित्र केले, तेही ओबडधोबड, आणि लोकांना म्हणाला, हाच तो राजा. पाहा, रत्ने तर तीच आहेत! शास्त्रवचनांचे असे करता येते, हे इरेनियसचे म्हणणे. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या निवडक ओव्या पुढेमागे लावून कोणी काहीही सिद्ध करावे, तसेच हे. म्हणून 'बायबलात लिहिले आहे' एवढ्याने शिकवण सुशिक्षण ठरत नाही. अख्खे चित्र कोणते, हे आधी माहीत असावे लागते. ते चित्र मंडळ्यांमध्ये उघडपणे, सर्वांसमक्ष शिकवले गेले आहे, निवडक शिष्यांच्या कानात सांगितलेले गुपित नाही, हा इरेनियसचा दुसरा मुद्दा.

इथे संशोधकाने एक काळजी घेतली पाहिजे. इरेनियसने ज्यांच्यावर टीका केली, त्या ज्ञानपंथीयांची मते सतराशे वर्षे आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या तोंडूनच माहीत होती. आपल्या चार्वाकांसारखी गत. मग १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात कॉप्टिक भाषेतल्या तेरा जुन्या पोथ्या सापडल्या. येशूची ११४ वचने असलेले 'थोमाचे शुभवर्तमान' त्यांतलेच. पोथ्या वाचल्यावर दिसले की इरेनियसने काही गोष्टी बऱ्याच नेमक्या सांगितल्या होत्या, पण या माणसांची तळमळ आणि त्यांच्या प्रार्थना त्याच्या ग्रंथात आल्याच नव्हत्या. एखाद्याला पाखंडी ठरवण्यापूर्वी त्याचे स्वतःचे शब्द वाचावेत, हा नियम कोणत्याही धर्मसभेने केलेला नाही, तरी मी तो पाळतो.

तुकडे आणि चित्र यांचा सर्वांत मोठा झगडा चौथ्या शतकातला. आलेक्झांड्रियाचा पुरोहित आरियस म्हणत असे की पुत्र श्रेष्ठ खरा, पण निर्माण झालेला. एके काळी तो नव्हता. आरियस बायबलाबाहेरचे बोलत नव्हता. नीतिसूत्रांचा आठवा अध्याय, योहानाच्या शुभवर्तमानातील 'पिता माझ्यापेक्षा थोर' या अर्थाचे वचन, हे त्याचे आधार. त्याने आपली मते पद्यात घालून लोकांच्या तोंडी दिली. खलाशी आणि दळण दळणारेही ती गात, असे जुने इतिहासकार सांगतात. इ.स. ३२५मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, बिशपांची सभा भरवली. पुत्र पित्याशी 'होमोऊसिओस', म्हणजे एकाच तत्त्वाचा, असा निर्णय झाला. गंमत अशी की हा शब्द बायबलात नाही. परंपरेच्या बाजूने लढणाऱ्यांना बायबलाबाहेरचा शब्द वापरावा लागला आणि ज्याला पाखंडी म्हटले तो जुन्या शब्दांना चिकटून होता! निकेयाच्या बाजूचा तर्क असा : पुत्र जर निर्मितीच असेल, तर मंडळी त्याची उपासना करते ती मूर्तिपूजा होईल, आणि निर्मिती निर्मितीला तारू शकणार नाही. सभेने वाद मिटला नाही. सम्राट बदलले, दरबारचे मत बदलले, आणि निकेयाचा कैवारी अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. राजाचा शिक्का ही खरेपणाची कसोटी असती, तर मधली कितीतरी वर्षे आरियसचेच मत सुशिक्षण ठरले असते.

या शिक्क्याची पुढची कहाणी काळी आहे. त्रैक्याचा सिद्धान्त नाकारल्याबद्दल मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात जिवंत जाळले. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे सोडून, इन्क्विझिशन चालले आणि त्याचा रोख मुख्यतः नव्याने ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांवर होता. कोण जुन्या चालीरीती पाळतो याची चौकशी होई. निरोगी शिकवणीच्या रक्षणाचे काम कोतवालाकडे गेले, की आजार कोणाला झाला हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घरची गोष्ट. डिडाखे छापून निघाली त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाई आणि त्यांची चिमुकली मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई पंचविशीत होत्या. अठरा हजार श्लोकांचे भागवत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिलेली ही बाई आपल्या आश्रमात विनीत शिष्या होईल, अशी तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा असावी. झाले भलतेच. रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या आणि १८८५मध्ये पत्रांतून प्रश्न विचारू लागल्या. त्रैक्य बायबलात कोठे आहे? अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार त्याच्या शापवचनांसह मी का म्हणावा? कुमारीजन्म, चमत्कार यांविषयी शंका आली तर ती दाबायची का? भारतातल्या पुरोहितांचे जू नुकतेच मानेवरून उतरवले असताना दुसरे जू मी मुकाट्याने घेणार नाही, असा त्यांचा रोख होता. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, आमची संस्कृत का नको, हेही त्यांनी विचारले.

हा सगळा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिननीच जपून ठेवला आणि तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना मला सिस्टरबाईंचा राग येत नाही. त्यांनी रमाबाईंवर मनापासून माया केली. मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणे. पण शंका म्हणजे अहंकार, हे त्यांचे निदान चुकीचे होते. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील अधिक शहाण्या. त्यांनी उत्तरे दिली, वाट पाहिली, घाई केली नाही.

इरेनियसच्या भाषेत सांगायचे तर रमाबाई राजाचे चित्र मोडत नव्हत्या. चित्र स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या, एवढेच मागत होत्या. मात्र सर्व्हेटसला ज्या प्रश्नाबद्दल जाळले, तोच प्रश्न त्या विचारत होत्या, आणि १५५३च्या जिनिव्हात त्यांचे काय झाले असते, हे सांगायला नकोच. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात इंग्लंडातल्या पंथोपपंथांचा गोंधळ पाहून आपण किती चक्रावलो, हे त्यांनी सांगितले आहे. आणि आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला, असेही.

पारख करण्याची पाळी मग त्यांच्यावरच आली. जून १९०५मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जागृतीची लाट आली. मुली रडत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, अंगात आग पेटल्याचे सांगत. पुढच्या काळात काहीजणी अन्य भाषांत बोलू लागल्या. बाहेरच्या मिशनऱ्यांत कुजबुज सुरू झाली. रमाबाईंनी हे दडपले नाही. भारतीय मुलींनी इंग्रजांसारखी शांतपणेच प्रार्थना केली पाहिजे असे थोडेच आहे, ही त्यांची भूमिका. दुसऱ्या बाजूला, अन्य भाषांत बोलणे ही आत्म्याची आवश्यक खूण आहे, हेही त्यांनी मानले नाही. मुलींच्या वागण्यात प्रीती दिसते का, त्या काम आणि सेवा करतात का, याकडे त्यांचे लक्ष होते. डिडाखेतल्या गावकऱ्यांना हे पटले असते.

हल्लीचा एक प्रकार या कसोट्यांवर घासून पाहण्यासारखा आहे. 'देवाला बीज द्या, अनेक पटींनी परत मिळेल', ही शिकवण अमेरिकी प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी १९७०च्या सुमारास 'बीज-विश्वास' या नावाने लोकप्रिय केली आणि आज ती भारतीय भाषांतही ऐकू येते. तिच्यातली रत्ने बायबलातलीच आहेत. पेरणी आहे, कापणी आहे, शंभरपट पीकही आहे. फक्त ईयोबाचे पुस्तक आणि वधस्तंभ यांना त्या चित्रात जागा नाही. माझ्या परिचयातल्या एका बाईंनी अशाच एका सभेनंतर मधुमेहाची औषधे बंद केली, कारण गोळी घेणे म्हणजे अविश्वास असे त्यांना सांगितले गेले होते. दोन महिन्यांनी पाय चिघळला, तेव्हा 'तुमचा विश्वास कमी पडला' हे उत्तर तयारच होते. सभेच्या त्या उपदेशकाचा मुक्काम तीन दिवसांहून बराच जास्त होता.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम या साऱ्या प्रश्नाशी जोडलेले आहे. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मुळावरून सोप्या मराठीत आणले. चालू भाषांतरात हिंदू देवकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द आहेत, त्यांतून चुकीचा अर्थ मनात शिरतो, अशी त्यांची तक्रार होती. एकीकडे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला बिनदिक्कत 'वैकुंठ' म्हटले होते, तेही इन्क्विझिशनची परवानगी घेऊन. दुसरीकडे, ज्यांनी कधी क्रूसावर संस्कृत अक्षरे मागितली होती, त्या रमाबाई आता संस्कृत शब्द वेचून काढत होत्या. वाचक कोण, याचा विचार मला या बदलामागे दिसतो. स्टीफन्सचे श्रोते पुराण ऐकून वाढलेले ब्राह्मण होते. रमाबाईंपुढे दुष्काळातून आणलेल्या, 'वैकुंठ' आणि 'मोक्ष' यांच्या वाटेला कधी न गेलेल्या मुली होत्या, आणि त्याच मुली मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. ग्रंथ १९२४ साली केडगावहून बाहेर पडला.