परवाना आणि आराखडा : भारतीय लढाऊ विमानाच्या एंजिनाचा प्रश्न

लढाऊ विमानांच्या उद्योगात राज्यसंस्था हीच बहुधा एकमेव ग्राहक असते. ती काय विकत घेणार आणि कोणत्या संशोधनावर किती काळ खर्च करीत राहणार, यावर त्या उद्योगाचे स्वरूप ठरते. भारतातील लढाऊ विमानांच्या एंजिनाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली बंगळूर येथे उभारलेला विमानकारखाना १९४२ मध्ये सरकारच्या हाती गेला. १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावाने शस्त्रास्त्रे व विमाने ही क्षेत्रे राज्याकडे राखली. त्याच वर्षी जर्मन विमानतज्ज्ञ कुर्ट टँक भारतात आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेल्या 'मारुत' विमानाचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी झाले.

मारुतची बांधणी ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या अपेक्षेने, ब्रिस्टल कंपनीच्या 'ऑर्फियस' एंजिनाची अधिक शक्तिशाली आवृत्ती मिळेल असे धरून झाली होती. युरोपातील मागणी संपताच त्या आवृत्तीचे काम थांबले. पुढील विकासाचा खर्च भारताने उचलावा असा प्रस्ताव आला. सरकारने तो नाकारला. परिणामी जुन्याच, दुर्बळ एंजिनावर हे विमान जेमतेम ध्वनिवेगाच्या आसपास पोहोचे. १९७१ च्या युद्धात त्याने चांगली कामगिरी बजावली. तरी एकंदर १४७ विमानांवरच उत्पादन थांबले. नकाराचे कारण काटकसर हे असले, तरी ती काटकसर महागात पडली असेच म्हणावे लागते.

दरम्यान १९६२ मध्ये सोव्हिएत 'मिग-२१' चा परवाना घेण्यात आला. सांगाडा नाशिकजवळील ओझर येथे, एंजिन ओरिसातील कोरापुट येथे, अशी विभागणी झाली. परवान्यामुळे कुशल कारागीरवर्ग तयार झाला, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. परंतु परवान्याबरोबर येणारी रेखाचित्रे कोणता धातू, कोणते माप एवढेच सांगतात. तेच माप का, हे सांगत नाहीत. ('निर्मिती' हा शब्द मराठीत जोडणी, उत्पादन आणि मूळ कल्पना या तिन्हींसाठी सर्रास योजला जातो. या विषयावरील बरीच संदिग्धता तेथूनच उद्भवते.)

हे 'का' कळल्यावाचून एंजिन साधत नाही. टर्बाइनच्या पात्यांना स्वतःच्या धातूच्या वितळणबिंदूहून उष्ण अशा वायूत फिरावे लागते. त्यांची सिद्धता दीर्घकाळच्या चाचण्यांनीच होते. 'तेजस' विमानासाठी 'कावेरी' एंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला, पण उंचीवरील परिस्थितीतील चाचण्यांची सोय देशात नव्हती. त्यासाठी एंजिन रशियात न्यावे लागले. २००८ मध्ये कावेरी तेजसपासून अलग करण्यात आले. २००१ मध्ये तेजस प्रथम उडाले, ते अमेरिकन एंजिनावरच.

२००१ पासून खाजगी उद्योगांना हे क्षेत्र खुले झाले. २०१६ च्या खरेदी-पद्धतीने स्वदेशी आराखड्याच्या सामग्रीला अग्रक्रम दिला. २०२० मध्ये तिच्यातील स्वदेशी अंशाची किमान मर्यादा ४० वरून ५० टक्क्यांवर नेली. परंतु हा अंश किमतीवरून मोजला जातो. त्यामुळे विदेशी एंजिनाचे विमानही या वर्गात बसू शकते. २०२१ मध्ये याच वर्गात ८३ तेजस विमानांची मागणी नोंदविण्यात आली. त्यांच्यासाठीचे पहिले एंजिन अमेरिकेतून आले मार्च २०२५ मध्ये. तोवर तयार झालेले सांगाडे कारखान्यातच त्याची वाट पाहत होते.