रोबोट जेव्हा शागीर्द होतो

मुलाचे अक्षर वाईट असेल तर घरात रोज कटकट होते. वहीवर लाल रेघा वाढतात, अम्मी रागावते आणि मूल लिहायचेच टाळू लागते. हस्ताक्षरापेक्षा हा संकोच अधिक घातक असतो.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ईपीएफएल या विद्यापीठातील संशोधकांनी ‘को-रायटर’ प्रकल्पात यावर उलटा मार्ग शोधला. २०१५ साली त्यांनी या कामाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी रोबोटला उस्ताद न करता शागीर्द केले. नाओ हा सुमारे ५८ सेंटिमीटर उंचीचा रोबोट मुलासमोर हवेत हात फिरवतो आणि टॅब्लेटवर वेडेवाकडे अक्षर उमटते. मूल त्याच टॅब्लेटवर ते नीट लिहून दाखवते. रोबोट पुन्हा लिहितो, या वेळी थोडे बरे.

सगळी रचना एवढीच. रोबोटची चूक मुद्दाम ठेवलेली असते. ती सुधारताना मुलाचाही सराव होतो; पण आता ते चुकणारे मूल नसून शिकवणारे असते.

आपल्या मकतबात मोठी मुले लहानांचा सबक ऐकतात, तेव्हा त्यांचा स्वतःचाही सबक पक्का होतो. मर्म तेच आहे.

त्यासाठी घरी महागडा रोबोट आणायला नको. आज संध्याकाळी मुलासमोर वही घेऊन बसा आणि म्हणा, “बेटा, हे अक्षर मला जमत नाही. जरा शिकव ना!”