शीर दबली, बॉस!

कंबरेतून निघून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी ती जीवघेणी कळ... गोळ्या, शेक, इंजेक्शन, ऑपरेशन, आणि प्रत्येक ओळखीच्या माणसाकडे एक हमखास उपाय! सायटिकात नक्की काय कामाचं आणि काय नुसतं मनाचं समाधान?

शिंक येतेय असं वाटलं की तुम्ही आधी टेबलाची कड घट्ट पकडता? मोजे घालायला दहा मिनिटं लागतात? मीटिंगमध्ये सगळे बसलेले असताना तुम्ही एकटेच ‘नाही, मी ठीक आहे’ म्हणत भिंतीला टेकून उभे राहता? आणि कंबरेपेक्षा पायच जास्त दुखतोय, तोही एकच? मग मंडळी, ही साधी उसण भरलेली नाही. बहुतेक ही सायटिकाची स्वारी आहे.

हा म्हाताऱ्यांचा आजार, असा एक जबरदस्त गैरसमज आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात मणक्यातली गादी बाहेर येऊन पाय धरण्याचं वय साधारण तिशी ते पन्नाशीचं. म्हणजे ईएमआय, अप्रेझल आणि डेडलाइनचं वय! मला तर तिशीही गाठावी लागली नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी डावा पाय, सात आठवडे. त्या सात आठवड्यांत मिळालेले सल्ले आणि नंतर डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि संशोधन यांच्या मागे लागून समजलेल्या गोष्टी, यांचा मेळ क्वचितच बसला.

करंजी आणि सारण

आधी ही ‘शीर’ कोणती ते बघू. बोलताना आपण शीर म्हणतो, पण ही रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू आहे. नाव सायटिक नर्व्ह. कंबरेच्या आणि माकडहाडाच्या वरच्या भागातून निघणारी पाच मुळं एकत्र येऊन ती बनते. शरीरातली ही सगळ्यात जाड नर्व्ह, जवळपास बोटाएवढी. नितंबातून, मांडीच्या मागून ती गुडघ्यापर्यंत येते आणि तिथून फाटे फुटून पावलात जाते. म्हणून बिघाड कंबरेत आणि बोंब पोटरीत!

आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. पाय ओढत, अंग एका बाजूला टाकत चालणारा माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे नाव किती चपखल आहे ते सांगायला नको. युरोपात हे दुखणं सांध्याचं नसून नर्व्हचं असू शकतं, हे १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी पुस्तक लिहून मांडलं. पण गादीचा गुन्हा सिद्ध व्हायला १९३४ साल उजाडलं. मिक्स्टर आणि बार या अमेरिकन सर्जनांनी त्या वर्षीच्या आपल्या निबंधात मणक्यातली फुटलेली गादी आणि पायातली कळ यांचा संबंध दाखवला.

‘गादी सरकली’ हा शब्द मात्र फसवा आहे. गादी कॅरमच्या सोंगटीसारखी सरकत वगैरे नाही. तिला बाहेरून चिवट आवरण असतं आणि आत जेलीसारखा गर. आवरणाला चीर गेली की गर बाहेर डोकावतो, तळताना करंजीतून सारण बाहेर यावं तसा. बहुतेक वेळा हे कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांपाशी होतं. बाहेर आलेला गर नर्व्हच्या मुळाला दाबतो हे तर झालंच, पण त्यातल्या रसायनांनी ते मूळ सुजतं आणि चिडतंही. ही सूज ओसरली की गर जागेवर असतानाही दुखणं कमी होऊ शकतं. पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवा.

‘मणक्यात गॅप आहे’

सायटिकाचा पेशंट एमआरआयचा रिपोर्ट घेऊन घरी येतो तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं. बल्ज, टेअर, डिजनरेशन... इंग्रजीतलं असं काहीबाही वाचून आईच्या डोळ्यांत पाणी. शेजारच्या काकू लगेच निकाल देतात, ‘मणक्यात गॅप आहे, आता जन्मभर जपायचं.’

आता हे वाचा. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली! २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या लोकांतही सुमारे ३० टक्क्यांची गादी फुगलेली दिसली. म्हणजे तुमच्या क्युबिकलच्या ओळीत मजेत सामोसा खाणाऱ्या काही जणांचा रिपोर्ट तुमच्यासारखाच असेल. रिपोर्ट खोटा नसतो, पण दुखण्याशी त्याचा संबंध जुळतो का, हे पेशंटला तपासूनच कळतं. डॉक्टर पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलतात, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतात, कुठे बधिर लागतं ते विचारतात. या पाच मिनिटांना पर्याय नाही. पेशंटला हात न लावता नुसता रिपोर्ट पाहून ऑपरेशनची तारीख देणाऱ्या माणसाकडे मी तरी परत जाणार नाही.

पायाची ताकद शाबूत असेल आणि धोक्याची लक्षणं नसतील, तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयची गरजही बहुतेकांना नसते. इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार सुरू झाला की तो लागतोच.

पडून राहू नका, पण...

पूर्वी सायटिका म्हटलं की फळीवर झोप आणि पंधरा दिवस हलू नकोस, असा हुकूम सुटायचा. नेदरलँड्समध्ये १८३ पेशंट घेऊन हे तपासलं गेलं. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात, बाकीच्यांना झेपेल तेवढे रोजचे व्यवहार. १९९९ मध्ये निकाल छापून आला: झोपून राहिलेल्यांना काहीही जास्त फायदा नाही. अर्थात पहिले दोन-तीन दिवस माणूस उठूच शकत नाही, तेव्हा पडून राहण्यात पाप नाही. जमिनीवर पाठ, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर, गुडघे काटकोनात. रात्री कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. इतक्या साध्या गोष्टींनी मिळालेली दोन तासांची झोप काय चीज असते, ते ज्याचं त्याला माहीत.

नंतर मात्र चालायचं. घरातल्या घरात पाच मिनिटं, मग खालच्या पार्किंगमध्ये दहा. बसणं हा सायटिकाचा खरा व्हिलन. स्वीडनचे सर्जन आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात थेट गादीत सुई घालून दाब मोजला होता, तेव्हा उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला. पुढच्या काळातल्या मोजणीत निवांत मागे टेकून बसण्याला क्लीन चिट मिळाली, पण पुढे वाकून बसणं दोन्हीकडे दोषीच ठरलं. आता लॅपटॉपवर तुम्ही कसे बसता ते आठवा! मी तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, दोन स्टीलच्या डब्यांवर लॅपटॉप ठेवून काम केलं. महागड्या स्टँडिंग डेस्कइतकंच छान, फक्त फोडणीच्या वेळी जागा सोडावी लागते.

व्यायामाची एक भन्नाट गोष्ट आहे. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टकडे पायात कळ असलेला एक पेशंट आला. डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर तो पालथा झोपून राहिला, म्हणजे कंबर मागे वाकलेली. मॅकेंझी येऊन बघतात तर पायातलं दुखणं गायब! त्यातून पुढे व्यायामाची एक आख्खी पद्धत उभी राहिली. तिचा सगळ्यात उपयोगी धडा असा: दुखणं पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत असं वर सरकत असेल, तर ते शुभलक्षण, भले कंबर थोडी जास्त दुखो. एखाद्या व्यायामाने ते खाली पायात उतरत असेल, तर तो व्यायाम तुमच्यासाठी नाही. काहींना मागे वाकून बरं वाटतं, काहींना उलट त्रास होतो. म्हणून मित्राने फॉरवर्ड केलेला व्हिडिओ बघून नव्हे, फिजिओसमोर सुरुवात करा.

गोळी, सुई, सुरी

सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोडा दिलासा देतात. जेवणानंतर, थोडे दिवस, आणि पित्त, किडनी किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगून. दुसऱ्या गोळ्या ‘नसांच्या’. त्यातली प्रीगॅबॅलिन आपल्याकडे भरपूर लिहून दिली जाते. सिडनीच्या संशोधकांनी २०९ पेशंटवर ती तपासली. २०१७ मध्ये आलेला निकाल निराशाजनक होता: पायातली कळ कमी करण्यात ती नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस नाही, गरगरणं मात्र जास्त. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनीही २०२० मध्ये सायटिकासाठी ती देऊ नका, असं सांगितलं. तुम्हाला ती चालू असेल तर अचानक बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून हळूहळू उतरवा. आणि गोळी घेऊन टू-व्हीलर? नको रे बाबा.

मणक्यात दिलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवडे आराम देतो. कळ इतकी असेल की व्यायामच करता येत नाही, तर तेवढी उसंतही मोलाची. जन्माचा इलाज म्हणून कोणी विकत असेल तर सावध राहा. गरम शेक, कटिबस्ती यांनी आखडलेले स्नायू सैल होतात, बरं वाटतं, जरूर घ्या. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असताना हाडवैद्याकडून कंबरेला झटका मारून घेणं मात्र मला जुगार वाटतो.

आणि ऑपरेशन? नेदरलँड्समध्येच दीड ते तीन महिने तीव्र सायटिका सोसलेल्या २८३ पेशंटचे दोन गट केले गेले. एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याने थांबून बघायचं. २००७ मध्ये छापून आलेला निकाल असा की वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. फरक वेगाचा. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना सहन न होऊन शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे ऑपरेशन करणारा भित्रा नाही आणि थांबणारा शूरही नाही. रजा किती उरलीय, घरी तान्हं मूल आहे का, रात्री झोप लागते का, यावरही हा निर्णय ठरतो.

एका परिस्थितीत मात्र थांबायचंच नाही. जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिर वाटणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही पाय लुळे पडल्यासारखे वाटणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्री दोन वाजता असलं तरी, मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. चालताना पाऊल अचानक लोंबायला लागलं, तरीही तातडीने सर्जनना दाखवा. सोबत ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं असेल, तर हे प्रकरण वेगळं असू शकतं.

‘काल तर चालत होतीस!’

सायटिकाची सगळ्यात वाईट बाजू कळ नव्हे, पुरावा नसणं. हाताला प्लास्टर असेल तर लिफ्टमधला अनोळखी माणूसही चौकशी करतो. इथे काहीच दिसत नाही. माणूस चालू शकतो पण बसू शकत नाही, हे ऐकणाऱ्याला निमित्तच वाटतं. काल कँटीनपर्यंत चालत गेलीस आणि आज तासाभराच्या रिव्ह्यूला बसता येत नाही? हो, अगदी तसंच असतं. म्हणून बॉसकडे ‘कंबर दुखतेय’ असं मोघम बोलू नका. डॉक्टरांकडून नेमकं लिहून घ्या: अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसणं नाही, वजन उचलणं नाही, सहा आठवडे. हातात कागद असला की मीटिंगमध्ये उभं राहायला लाज वाटत नाही. कंपनीच्या बसमध्ये मागची सीट टाळा, खड्ड्यांचा सगळा हिशेब तिथे चुकता होतो. आणि मुलांनो, मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट काढा. त्यावर बसून नर्व्ह दाबली गेल्याची नोंद १९७८ मध्येच अमेरिकेच्या मेडिकल जर्नलमध्ये झालीय. यूपीआयच्या जमान्यात त्यात ठेवता तरी काय?

बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच आराम पडतो. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे मोठा, सुटून बाहेर पडलेला तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. त्रास गेला असेल तर ‘गादी आत गेली का’ हे बघायला पुन्हा एमआरआय काढायची गरज नाही. बधिरपणा मात्र सगळ्यांत शेवटी निघतो. कळ थांबल्यावर कित्येक आठवडे, कधी महिनेही, अंगठ्याजवळ किंवा पावलाच्या कडेला एक पट्टा मोजा घातल्यासारखा राहतो. माझा अजून पुरता गेलेला नाही. डावी चप्पल पायातून निसटलेली लवकर कळत नाही, म्हणून सध्या मागे पट्टा असलेल्याच चपला वापरतेय.