‘च’ ची भाषा आणि संगणक

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या बहुतेक वाचकांस ‘च’ ची भाषा ठाऊक असेलच. वडील मंडळींस कळूं नये म्हणून मुलें आपसांत जी बोलत आलीं, तीच ती. शब्दाचें पहिलें अक्षर उचलून शेवटीं न्यावयाचें व आरंभीं ‘च’ जोडावयाचा, एवढाच नियम. ‘मला’चें ‘चलाम’ होतें, ‘पाणी’चें ‘चणीपा’. एकाक्षरी ‘मी’ बिचारा ‘चमी’ होऊन सुटतो. इंग्रजी मुलांची ‘पिग लॅटिन’ याच जातीची, आणि संगणकाची आज्ञावली लिहूं लागलेल्या नवशिक्यास तिचें भाषांतर करावयास पुष्कळदां सांगतात. आपल्या घरच्या मुलानें तोच धडा मराठींत कां गिरवूं नये?

पायथॉन भाषेंत हें काम एका ओळीचें वाटतें. ‘मला’ बरोबर उतरतो, मुलगा हर्षभरित होतो. आणि लगेच ‘पाणी’चें ‘चाणीप’ होऊन बसतें! संगणकास मराठी येत नाहीं, आतां रोमन लिपींतच लिहितों, असें तो म्हणूं लागतो. वडील माणसाची खरी गरज येथें आहे. त्याच्या हातची कळपट्टी ओढून घेऊन सर्व स्वतः लिहून देणें हें साह्य नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. शब्दांतील एकेक चिन्ह निराळ्या ओळीवर छापून पाहा, एवढेंच त्यास सांगावें.

मग कारण डोळ्यांपुढें येतें. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेताच्या मुख्य देवनागरी विभागांत २३०४ पासून २४३१ पर्यंतचे १२८ क्रमांक आहेत, आणि त्यांत मात्रांस स्वतंत्र क्रमांक आहेत. आपण ‘पाणी’ हीं दोन अक्षरें मानतों; संगणक २३४६, २३६६, २३३९, २३६८ अशीं चार चिन्हें मोजतो. एकटा ‘प’ शेवटीं गेला, मागें राहिलेला काना पुढच्या ‘च’ला चिकटला. यंत्रानें सांगितलें तेंच केलें. ‘अक्षर’ म्हणजे काय हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें.

तें सांगणें हाच या खेळांतील खरा अभ्यास. पहिल्या व्यंजनामागून काना, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग असें कांहीं आलें तर तें त्याच अक्षरांत धरावें. हलन्ताचें चिन्ह, म्हणजे २३८१, आलें तर पुढील व्यंजनही सोबत घ्यावें आणि पुन्हां तसेंच तपासावें. असें केलें म्हणजे ‘स्वयंपाक’चें ‘च्वयंपाकस’ न होतां ‘चयंपाकस्व’ होतें. बालवर्गांत घोकलेली बाराखडी व जोडाक्षरें मुलास येथें प्रथमच उपयोगाचीं वाटतात. वाक्य असल्यास तें मोकळ्या जागांवर तोडून प्रत्येक शब्दास हाच नियम लावावा. त्यांत विशेष कांहीं नाहीं.

उलट भाषांतर मात्र अवश्य करवून घ्यावें. आरंभींचा ‘च’ गाळून शेवटचें अक्षर पुढें आणावयाचें. आतां अक्षराची सीमा शब्दाच्या शेवटाकडून शोधावी लागते, हें किंचित् कठीण. आणि ‘चहा’ घातल्यावर यंत्रानें ‘चहाच’ म्हटलें, तर मुलानें गोंधळून आज्ञावली खोडूं नये. नियम हातानें लावून पाहावा. उत्तर बरोबर आहे.