राक्षसाच्या बायकोला विचारा

एक मुलगा परक्याच्या घरात तीनदा शिरला. पहिल्या खेपेला त्यानं सोन्याची थैली पळवली, दुसऱ्या खेपेला सोन्याची अंडी घालणारी कोंबडी आणि तिसऱ्या खेपेला आपोआप गाणारी सोन्याची हार्प. घरमालक मागे लागला, तेव्हा तो उतरत असलेल्या वेलावरच मुलानं कुऱ्हाड चालवली. मालक पडला आणि मेला. मुलाचं पुढे राजकन्येशी लग्न झालं.

हा मुलगा म्हणजे इंग्लंडच्या परीकथेतला लाडका जॅक. गाय देऊन जादूच्या बिया घेणारा, रातोरात आभाळाला भिडलेल्या वेलावर चढणारा. वरच्या हकिकतीत मी पदरचं काहीही घातलेलं नाही, आणि नवल आहे ते इथंच. या नायकाचा खलनायक करायला एकही घटना बदलावी लागत नाही. जॅकवरचं आरोपपत्र मूळ गोष्टीतच तयार आहे.

जोसेफ जेकब्स यांनी १८९० साली ‘इंग्लिश फेअरी टेल्स’मध्ये छापलेली ही गोष्ट बारकाईनं वाचून पाहा. जॅक पहिल्यांदा जातो तेव्हा खरोखर उपाशी असतो. राक्षसाची बायको त्याला पाव, चीज आणि दूध देते आणि नवरा येताच भट्टीत लपवते. राक्षसाला पोरं खायला आवडतात, म्हणजे तिनं त्याचा जीवच वाचवलेला असतो. तो मात्र थैली घेऊन पळतो. सोनं संपल्यावर पुन्हा येतो आणि कोंबडी नेतो. आता जन्मभराची ददात मिटली. तरी तो तिसऱ्यांदा येतो, आणि या वेळी चक्क तिच्यापासूनच लपतो. तो हार्प उचलून पळू लागतो, तेव्हा ती हार्पच मालकाला हाका मारते. चोरीचा माल स्वतःच बोंब ठोकतो आणि ऐकणाऱ्या पोराला मात्र काळजी वाटते ती चोराची!

ही खोच आजच्या वाचकालाच दिसली असं समजायचं कारण नाही. बेंजामिन टॅबर्ट यांनी १८०७ साली लंडनमध्ये ही गोष्ट मुलांसाठी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात एक परी होती. ती जॅकला सांगते, की या राक्षसानं तुझ्या बापाला मारून त्याची मालमत्ता लुबाडली होती. झालं! चोरीची वसुली झाली. परी म्हणजे जॅकची वकीलच. पण अशीलावर संशय येण्यासारखं काही असल्याशिवाय वकील कोण कशाला देईल? जेकब्स यांनी पुढे ही परी काढून टाकली. ऑस्ट्रेलियात लहानपणी त्यांनी ऐकलेल्या गोष्टीत ती नव्हतीच, आणि चोरीला उत्तेजन मिळेल या भीतीनं ती आणली गेली हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्या छोट्या वाचकांवर त्यांचा जास्त भरवसा होता.

पण त्या बायकोचं पुढे काय झालं? नवरा मेल्यावर गोष्ट तिचं नावही काढत नाही. जेकब्स यांच्या पुस्तकानंतर ९७ वर्षांनी, १९८७ साली, ब्रॉडवेवर ‘इनटू द वूड्स’ ही संगीतिका आली. संगीत स्टीफन सोंडहाइम यांचं, लेखन जेम्स लपाइन यांचं. तिच्या दुसऱ्या अंकात राक्षसाची विधवा खाली उतरते आणि जॅकला माझ्या ताब्यात द्या म्हणते. ती सगळं तुडवत सुटते, पण तिची तक्रार खोटी आहे असं कुणालाच म्हणता येत नाही. २००१ सालच्या जिम हेन्सन कंपनीच्या दूरचित्रवाणी मालिकेनं आणखी पुढची पायरी गाठली. तिथं राक्षस प्रेमळ आहे आणि त्याचा खजिना चोरीला गेल्यामुळे त्याच्या देशावर उपासमार ओढवली आहे.

या गोष्टीचं वयही थक्क करणारं आहे. सारा ग्रासा दा सिल्वा आणि जमशीद तेहरानी या संशोधकांनी २०१६ साली लोककथांच्या वंशावळी मांडल्या, जीवशास्त्रज्ञ प्राण्यांच्या मांडतात त्याच रीतीनं. ‘राक्षसाचा खजिना चोरणारा मुलगा’ या कथाप्रकाराचं मूळ त्यांच्या अंदाजानं पाच हजार वर्षांहून मागे जातं, इंडो-युरोपीय भाषांच्या पूर्व आणि पश्चिम शाखा वेगळ्या होण्याच्या काळापर्यंत. मराठीही त्याच कुळातली. म्हणजे इंग्रजीचे आणि आपल्या भाषेचे दूरचे पूर्वज एकत्र होते, तेव्हाही कुणीतरी असा चोर रंगवून सांगत असावं.

मग इतकी शतकं आपण चोराच्या बाजूनं का उभे राहतो? कारण गोष्ट त्याच्या खांद्यावर बसून वर चढते. त्याची भूक, त्याची आई, घरातलं दारिद्र्य आपल्याला ठाऊक असतं; राक्षसाबद्दल कळतं ते फक्त तो काय खातो एवढंच. शिवाय जॅक चिमुकला आणि राक्षस अजस्र, त्यामुळे न्यायाचा काटा सुरुवातीलाच झुकलेला. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीतही आपण मेणाच्या घरात, चिऊच्या बाजूला असतो. भर पावसात दाराबाहेर भिजणाऱ्या काऊच्या शेजारी उभं राहून ती सांगितली, की चिऊताई एकदम कठोर वाटू लागते.

घरी पुढच्या वेळी जॅकची गोष्ट सांगाल तेव्हा ती राक्षसाच्या स्वयंपाकघरातून सांगून पाहा. घटना त्याच ठेवा, वकील परी आणू नका. ऐकणारं मूल कुणाची बाजू घेईल, ते आधी सांगता येणार नाही. इतकी जुनी गोष्ट अजून शिळी झालेली नाही, त्याचं हेच कारण असावं.