साथीच्या काळातील अंत्यसंस्कार : सुरक्षितता आणि सन्मान

घरात मृत्यू झाला की शेजारीपाजारी न बोलावता जमतात. कोणी तिरडीसाठी बांबू आणतो, कोणी मडके आणतो, कोणी परगावच्या नातलगांना निरोप धाडतो. घरातील माणसे देहाला स्नान घालतात, नवे वस्त्र नेसवितात, मुखात तुळशीपत्र व गंगाजल ठेवतात. मुस्लिम कुटुंबात गुस्ल व कफन, ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थना व अंत्यदर्शन यांना असेच स्थान आहे. शोकाचा भार हलका करण्याची ही समाजाची रीत होय.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले आणि पुढील काळात ही रीत असंख्य घरांत खंडित झाली. अनेकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही घडले नाही. त्या दुःखात रोगाचा वाटा होता, तसाच अज्ञानाचा व अवाजवी भीतीचाही होता. पुढे कधी साथ उद्भवल्यास कोणती खबरदारी आवश्यक आणि कोणती भीती अनाठायी, हे आधीच समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

धोका कोठे असतो?

सर्व साथी सारख्या नसतात. इबोलासारख्या रोगात मृताच्या शरीरातील द्रव अत्यंत संसर्गकारक असतात. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत मृतदेहाला स्नान घालण्याच्या व स्पर्श करण्याच्या प्रथेतून हा रोग मोठ्या प्रमाणावर पसरला. अशा रोगात देह प्रशिक्षित पथकाच्याच स्वाधीन केला पाहिजे. पटकीने मृत्यू झाल्यासही शरीरातून स्रवणाऱ्या द्रवांपासून विशेष जपावे लागते.

कोविडचा प्रकार निराळा. तो मुख्यतः श्वासावाटे पसरतो आणि मृत व्यक्ती श्वास घेत नाही. मृतदेहापासून कोणास लागण झाल्याचा पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच नमूद केले होते. खरा धोका होता तो बंद खोलीत दाटीने बसलेल्या जिवंत माणसांचा. शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना तोपर्यंत लागण झालेली असण्याचा संभव मोठा आणि सांत्वनासाठी गळ्यात पडणारा नातलग नेमका त्यांच्याच सर्वाधिक निकट येतो.

घरी मृत्यू झाल्यास

प्रथम डॉक्टरांना व स्थानिक आरोग्य यंत्रणेला कळवावे. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे आणि २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करावी. रोग कोणता, हे कळल्यावरच पुढील खबरदारी ठरते. त्या वेळी लागू असलेले शासकीय आदेश सर्वप्रथम पाळावेत.

खोलीची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत. कोविडसारख्या रोगात स्नान व वस्त्र यांस अनुमती असल्यास हे काम शक्य तितक्या कमी व्यक्तींनी करावे. साठीच्या पुढील माणसे, मुले आणि जुनाट व्याधी असलेले यांनी त्यात भाग घेऊ नये. इतरांनी किमान एक मीटर दूर राहावे. देहाला स्पर्श करताना हातमोजे घालावेत. पाणी किंवा द्रव उडण्याचा संभव असल्यास मुखपट्टी व डोळ्यांवर आवरण असावे. अंगावरील कपडे लगेच बदलून धुवावेत आणि हात साबणाने स्वच्छ करावेत.

मृताच्या वस्तू जाळून टाकण्याचे कारण नाही. कपडे गरम पाण्यात साबण घालून धुवावेत. भांडी व पृष्ठभाग आधी साबणाच्या पाण्याने पुसून नंतर ०.१ टक्के ब्लीचच्या द्रावणाने निर्जंतुक करावेत.

विधी थांबत नाहीत

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्नान घालणे, चुंबन व आलिंगन यांस मनाई होती. मात्र त्याच सूचनांनुसार कर्मचाऱ्यांनी खबरदारी घेऊन आवरणाचे तोंड उघडावे व नातलगांना मुखदर्शन घडवावे, यास मुभा होती. धर्मग्रंथाचे पठण, पवित्र जलाचे सिंचन आणि स्पर्शाची गरज नसलेले अन्य विधीही करता येत होते. रक्षेपासून धोका नसल्याने अस्थिसंचयनासही हरकत नव्हती. या तरतुदी अनेक कुटुंबांना ठाऊकच नव्हत्या.

दहावा, तेरावा, चाळिसावा यांसाठी मोठा जनसमुदाय जमविण्याची गरज नाही. निवडक व्यक्तींनी मोकळ्या जागेत विधी करावेत, इतरांनी दूरध्वनीवरून सांत्वन करावे. सुतकाच्या दिवसांत घर काहीसे अलग राहतेच. साथीच्या काळात तो संकेत कटाक्षाने पाळल्यास कुटुंबाचे व गावाचे, दोघांचेही हित साधते. शेजाऱ्यांनी मात्र पिठले-भाकरीचा डबा दारापाशी ठेवण्यास विसरू नये. अंतर शरीरांत असावे, मनांत नव्हे.

विश्वासाचे महत्त्व

१८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये सक्तीच्या झडत्यांमुळे लोक रोगी व मृत्यू लपवू लागले. लपविलेला रोग अधिक पसरतो, हा त्या काळाचा धडा आहे. पश्चिम आफ्रिकेतही कुटुंबीयांना व धर्मगुरूंना सहभागी करून घेऊन सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची पद्धत अवलंबिल्यावर लोकांचे सहकार्य वाढले.

वांद्रे येथील दफनभूमींत कोविडग्रस्तांच्या दफनास घेतलेला आक्षेप मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळला. सन्मानपूर्वक अंत्यसंस्कार हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

स्मशानाची वाट अडविल्याने साथ अडत नाही. ग्रामपंचायती, मोहल्ला समित्या व सर्व धर्मांच्या प्रमुखांनी साथ नसताना एकत्र बसून याबाबतची रीत ठरवून ठेवावी. म्हणजे संकटकाळी कोणत्याही घराला, आपल्या माणसाला निरोप द्यावा की स्वतःचा जीव वाचवावा, असा प्रश्न पडणार नाही.