वेगवर्धित संगणकाचा वीजपुरवठा : निवडीचे निकष

संगणक विकत घ्यावयाचा असता विचार बहुधा प्रोसेसरचा, ग्राफिक्स कार्डाचा आणि मेमरीचा होतो. पॉवर सप्लाय, किंवा बाजारातील रूढ नावाने ‘एसएमपीएस’, हा घटक यादीच्या तळाशी येतो आणि उरलेल्या पैशांत बसविला जातो. पत्रलेखनासाठी अथवा टंकनासाठी वापरावयाच्या संगणकात ही हयगय खपून जाते. परंतु निर्मात्याने नेमून दिलेल्या वारंवारतेहून अधिक वारंवारतेवर प्रोसेसर चालविला जात असेल, तर याच उपेक्षित घटकावर सर्व यंत्राची विश्वसनीयता अवलंबून राहते. या प्रकारास इंग्रजीतून आलेले ‘ओव्हरक्लॉकिंग’ हे नाव रूढ आहे; प्रस्तुत लेखात त्यास वेगवर्धन असे म्हटले आहे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण, मोठ्या भाषिक संग्रहांवरील गणन, वाणी ओळखणाऱ्या प्रतिमानांचे प्रशिक्षण ही कामे आता टेबलावरच्या संगणकावरही केली जातात व ती कित्येक तास, प्रसंगी कित्येक दिवस अखंड चालतात. मर्यादित पैशांत अधिक वेग मिळावा म्हणून वेगवर्धनाचा मोह होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी वीजपुरवठा अस्थिर असेल तर दोन प्रकारची हानी संभवते. यंत्र मध्येच बंद पडणे ही त्यांपैकी उघड हानी होय. तीत वेळ जातो, परंतु फसवणूक होत नाही. दुसरी हानी अधिक घातक आहे. यंत्र चालूच राहते, पण गणनात एखादा अंक बदलतो आणि चुकीचा निष्कर्ष निर्दोष दिसणाऱ्या कोष्टकात जाऊन बसतो. टेबलावरच्या बहुसंख्य संगणकांच्या मेमरीत अशा चुका सुधारण्याची पूर्ण व्यवस्था नसते. म्हणूनच वीजपुरवठ्याची निवड हा संशोधनाच्या प्रामाण्याचाही प्रश्न ठरतो.

वेगवर्धनाने विजेची गरज का वाढते, हे प्रथम पाहावयास हवे. प्रोसेसरमधील असंख्य ट्रान्झिस्टर उघडझाप करीत असताना जी शक्ती खर्च होते, ती वारंवारतेच्या समप्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या समप्रमाणात वाढते. नुसती वारंवारता वाढविली तर खर्च त्याच प्रमाणात वाढेल. १९९८ साली बाजारात आलेला इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर या कारणानेच गाजला. बसची वारंवारता ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चाले, आणि पुष्कळदा व्होल्टेज वाढविण्याची गरजही पडत नसे. तथापि असे भाग्य सदैव लाभत नाही. अधिक वारंवारतेवर स्थैर्य यावे म्हणून सामान्यतः व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि मग वर्गाचा नियम आपला प्रभाव दाखवितो. वारंवारता २० टक्के व व्होल्टेज १० टक्के वाढविले, तर १.२ गुणिले १.२१ म्हणजे सुमारे १.४५ पट शक्ती लागते. वेगात पाचव्या हिश्शाची भर, पण विजेच्या खर्चात जवळजवळ निम्म्याची! तापमान वाढल्याने होणारी विजेची गळती यात धरलेली नाही; ती निराळी.

ही शक्ती प्रोसेसरपर्यंत दोन टप्प्यांनी पोहोचते. पॉवर सप्लाय हा भिंतीतील २३० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती विजेचे मुख्यतः १२ व्होल्टांच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. मदरबोर्डावरील नियामक मंडल त्या १२ व्होल्टांचे सव्वा व्होल्टाच्या आसपास रूपांतर करून प्रोसेसरला देते. २६७ वॅट शक्ती घेणाऱ्या प्रोसेसरमध्ये सव्वा व्होल्टाला दोनशेहून अधिक अँपिअर प्रवाह वाहतो, आणि १२ व्होल्टांच्या बाजूस नियामकातील घट सोडली तरी २२ अँपिअर लागतात. १२ व्होल्टांचे व्होल्टेज घसरले तर नियामक तीच शक्ती मिळविण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो. त्यामुळे तारांमध्ये अधिक घट होते आणि भार अधिकच जड होतो. यावरून हे स्पष्ट होईल की, उत्तम पॉवर सप्लाय प्रोसेसरचा वेग वाढवीत नाही; वाढविलेला वेग टिकविण्यास आवश्यक असा स्थिर आधार तो पुरवितो.

स्थिरता म्हणजे नेमके काय, हे मानकाने ठरविले आहे. इंटेलने १९९५ साली पुढे आणलेल्या एटीएक्स या मानकाच्या रूढ मर्यादेनुसार १२ व्होल्टांची वाहिनी ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४० ते १२.६० व्होल्टांच्या दरम्यान राहिली पाहिजे. तीवरील सूक्ष्म तरंग शिखरापासून तळापर्यंत १२० मिलिव्होल्टांहून अधिक नसावेत. ५ आणि ३.३ व्होल्टांच्या वाहिन्यांसाठी तरंगांची मर्यादा ५० मिलिव्होल्ट आहे. चांगले संच या मर्यादांच्या पुष्कळच आत राहतात. सुमार संच भार हलका असताना मर्यादेत असतात आणि पूर्ण भार पडताच ती ओलांडतात. वेगवर्धित यंत्र नेमके त्या पूर्ण भाराच्या बाजूस झुकलेले असते.

आता संचाच्या कुशीवर चिकटविलेल्या पट्टीकडे वळू या. पट्टीवरील ठळक आकडा वॅटचा असतो. परंतु कोणतेही विधान ज्या अटींवर केलेले असते त्या अटी सोडून त्याचा अर्थ लावता येत नाही, आणि हा आकडा हे एक विधानच आहे. त्याला तीन प्रश्न विचारावयास हवेत. पहिला : ही शक्ती सर्व वाहिन्या मिळून आहे की एकट्या १२ व्होल्टांच्या वाहिनीची? आजच्या संगणकाचा जवळजवळ सारा भार १२ व्होल्टांवर असतो. ५०० वॅट असे नाव मिरविणाऱ्या संचाच्या पट्टीवर १२ व्होल्टांपुढे २५ अँपिअर लिहिलेले असतील, तर उपयोगाची शक्ती ३०० वॅटच होय. उलट १००० वॅटांच्या चांगल्या संचावर तेथे ८३ अँपिअरच्या आसपास आकडा आढळतो. दुसरा प्रश्न : ही शक्ती अखंड मिळणारी आहे की क्षणिक शिखराची? तिसरा : ती कोणत्या तापमानास मिळते? काही संचांची क्षमता ४० अंश सेल्सिअसला सांगितलेली असते, काहींची ५० अंशांना. विदर्भातील उन्हाळ्यात खोलीतील हवाच ४० अंशांच्या जवळ जाते आणि संगणकाच्या पेटीत ती आणखी तापते. तेथे हा भेद केवळ कागदोपत्री उरत नाही.

पट्टीवरील दुसरे बहुचर्चित चिन्ह ‘८० प्लस’ हे होय. त्याचा अर्थ लोकव्यवहारात बराच विस्तारला असून ‘सुवर्ण’ दर्जाचा संच म्हणजे विश्वसनीय संच असे समीकरण रूढ झाले आहे. वस्तुतः २००४ साली सुरू झालेली ही योजना केवळ कार्यक्षमता मोजते, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती संगणकास मिळते आणि किती उष्णतेत जाते एवढेच. ११५ व्होल्टांच्या चाचणीत निम्म्या भारास ९० टक्के कार्यक्षमता असली की सुवर्ण दर्जासाठी त्या भाराची अट पूर्ण होते. ही मापने सुमारे २३ अंश तापमानास घेतात. तरंग, संरक्षण, आकस्मिक भार यांविषयी हे चिन्ह काहीच बोलत नाही. कार्यक्षम संचात उष्णता कमी व घटक बहुधा बरे असतात, म्हणून ते अनुकूल लक्षण खरे. पण लक्षणास प्रमाण मानू नये. तरंगांची व संरक्षणाची प्रत्यक्ष मापने देणारे स्वतंत्र चाचणी-अहवाल प्रसिद्ध होत असतात; निवड त्यांच्या आधारे करणे श्रेयस्कर.

आकस्मिक भाराचा प्रश्न अलीकडे विशेष महत्त्वाचा झाला आहे. ग्राफिक्स कार्डाचा सरासरी भार ठराविक असला तरी काही मायक्रोसेकंदांपुरता तो एकदम उसळतो. २०२० नंतरच्या मोठ्या कार्डांच्या बाबतीत कागदावर पुरेसे असलेले संचही या उसळीमुळे अतिभार समजून बंद पडत. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या आवृत्तीने याची दखल घेतली. १६ पिनांचा नवा कनेक्टर असलेल्या, ४५० वॅटांहून अधिक क्षमतेच्या संचाने नाममात्र शक्तीच्या दुपटीपर्यंतची उसळी १०० मायक्रोसेकंद सोसली पाहिजे, अशी अट तिने घातली. त्याच कनेक्टरविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. तो पूर्ण आत न बसल्यामुळे वितळल्याची उदाहरणे २०२२ साली घडली. २०२३ मधील ३.१ आवृत्तीत त्याची सुधारित रचना आली. तेव्हा नवा संच घेताना ३.१ आवृत्ती पाहावी आणि कनेक्टर घट्ट बसल्याची खात्री करावी.

संचाचे आयुष्य त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांवर पुष्कळ अंशी अवलंबून असते. स्थूलमानाने तापमान १० अंशांनी उतरले की त्यांचे आयुष्य दुप्पट होते. म्हणून ८५ अंशांऐवजी १०५ अंशांच्या क्षमतेचे कपॅसिटर आणि पेटीत खेळती हवा यांचे महत्त्व. त्याचबरोबर अतिप्रवाह, अतिव्होल्टेज, न्यूनव्होल्टेज, अतिशक्ती, अतिताप आणि शॉर्टसर्किट यांविरुद्ध संरक्षण असावे. ते नसेल तर संच निकामी होताना मदरबोर्ड व कार्ड यांनाही सोबत नेऊ शकतो. वीज गेल्यावर पूर्ण भाराखाली संच सुमारे १६ मिलिसेकंद तग धरील अशी जुन्या आवृत्त्यांची अपेक्षा होती, ३.१ मध्ये ती १२ मिलिसेकंदांवर आणली आहे. साधा यूपीएस बॅटरीवर येण्यास काही मिलिसेकंद घेतो, म्हणून हा अवधी व्यवहारात मोलाचा आहे.

एका उदाहरणाने हिशोब स्पष्ट होईल. एएमडी कंपनीच्या रायझन ९ ७९५०एक्स या प्रोसेसरवर १७० वॅट असा आकडा असला तरी मूळ मांडणीतही तो २३० वॅटांपर्यंत शक्ती घेऊ शकतो. वारंवारता व व्होल्टेज प्रत्येकी ५ टक्के वाढविल्यास १.१६ पटीने हा आकडा २६७ वॅटांवर जातो. जोडीला ४५० वॅटांचे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड १० टक्के अधिक शक्तीवर चालविले तर ४९५ वॅट, आणि मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे यांसाठी अंदाजे ८० वॅट. एकूण ८४२ वॅट. १००० वॅटांच्या संचावर हा भार ८४ टक्के होतो, १२०० वॅटांच्या संचावर ७० टक्के. दिवसेंदिवस अखंड चालणाऱ्या कामासाठी दुसरा पर्याय सुखावह; पहिला चालेल, परंतु तो उत्तम प्रतीचाच असला पाहिजे. १२०० वॅटांचा सुमार संच आणि १००० वॅटांचा उत्तम संच एकाच किमतीस मिळत असतील, तर दुसराच घ्यावा.

दोन सूचना शेवटी आवश्यक वाटतात. संचापासून सुटणाऱ्या केबली एका संचाच्या दुसऱ्यास कधीही लावू नयेत. त्यांच्या संचाकडील टोकाची जोडणी प्रमाणित नाही, आणि आकार जुळला तरी १२ व्होल्ट भलत्याच तारेत जाऊन डिस्क व तीवरील सामग्री नष्ट होऊ शकते. दुसरी सूचना निदानाची. प्रत्येक अस्थैर्याचा दोष वीजपुरवठ्यावर टाकू नये. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांतील अस्थैर्याचे मूळ वाढीव व्होल्टेजमुळे होणाऱ्या झिजेत असल्याचे २०२४ साली त्या कंपनीनेच जाहीर केले. तेव्हा आधी वेगवर्धन काढून यंत्र मूळ वारंवारतेवर तपासावे. दोष तरीही राहिला तर खात्रीचा दुसरा संच लावून पाहावा.

सारांश, निवडीचा क्रम असा असावा : प्रथम वाढीव भाराचा हिशोब, नंतर १२ व्होल्टांवरील अखंड शक्ती व तिचे तापमान, त्यानंतर तरंग, उसळी आणि संरक्षण यांची स्वतंत्र मापने, आणि सर्वांत शेवटी दर्जाचे चिन्ह व किंमत. वेगवर्धनाने वाचलेले तास आणि त्यासाठी पत्करलेला धोका यांचा ताळेबंद ज्याचा त्याने मांडावयाचा आहे. मात्र ज्या गणनावर प्रबंधाचा निष्कर्ष उभा राहावयाचा, ते गणन मूळ वारंवारतेवर एकदा पुन्हा करून दोन्ही फलांची तुलना करणे, एवढी दक्षता कोणत्याही संचाने अनावश्यक ठरत नाही.